‘द फोर व्हील्स’चा पाचवा आवाज

पुरुषोत्तम जोगळेकरांनी आयुष्याची एकतीस वर्षं गाड्यांची कुरकुर ऐकण्यात घालवली, आणि त्याबद्दल एका मोटार कंपनीने त्यांना चांगला पगार दिला. गाडी साठच्या वेगाला गेली की डॅशबोर्डच्या पोटात कुठेतरी किर्र वाजतं. ते नेमकं कुठल्या स्क्रूमुळे वाजतं हे शोधून काढायचं, हे त्यांचं काम. साताऱ्याच्या भावाला ही नोकरी शेवटपर्यंत पटली नाही. एवढा इंजिनियर झाला, अमेरिकेत गेला, आणि तिथे कान लावून बसतो, असं त्याने गावभर सांगून ठेवलं होतं.

रिटायर झाल्यावर या कानांना काम उरलं नाही, तेव्हा त्यांनी नोव्हाय गावातल्या आपल्याच घराकडे मोर्चा वळवला. फ्रिज दुपारीच का घुमतो, घर तापवणारा फर्नेस सुरू होताना दोनदा का ठोकतो, तिसरी पायरी बायकोच्या, शोभाताईंच्या, पायाखाली वाजते आणि आपल्या नाही ती का. शोभाताई मेटाकुटीला आल्या. घरातला एकच आवाज जोगळेकरांनी कधी तपासला नव्हता, तो म्हणजे बेसमेंटमध्ये रोज सकाळी चालणारा शोभाताईंचा रियाज. तो सुरू झाला की ते बेसमेंटचं दार लोटून घेत आणि पेपर उघडत.

म्हणून २००५च्या ऑक्टोबरात शेजारच्या लॉइडने त्यांना एक काम सांगितलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद झाला तो शोभाताईंना.

लॉइड एकोणऐंशी वर्षांचा. सव्वीस वर्षांचा शेजार. बर्फ पडला की जो आधी उठेल त्याने दोन्ही ड्राइव्हवे साफ करायचे, असा त्यांच्यात न बोलता ठरलेला करार होता. चार वर्षांपूर्वी त्याची बायको इर्मा गेली आणि अलीकडे उजवा हात थरथरायला लागला होता. तो तरुणपणी कुठल्याशा ‘बार्बरशॉप क्वार्टेट’मध्ये गायचा हे जोगळेकरांना ऐकून माहीत होतं. न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची करमणूक करत असेल, असं त्यांनी इतकी वर्षं धरून चाललं होतं.

लॉइडने समजावून सांगितलं. चार पुरुष, हातात एकही वाद्य नाही, चौघांचे चार निराळे सूर आणि ते सगळे एकाच वेळी. फार पूर्वी न्हाव्याकडे नंबर लागेपर्यंत लोक वेळ घालवायला असं गात, म्हणून ते नाव. जोगळेकर म्हणाले, आमच्याकडे न्हाव्याकडे नंबर लागेपर्यंत लोक सरकार पाडतात. लॉइडला हे फार आवडलं.

तर लॉइडच्या चौकडीचं नाव ‘द फोर व्हील्स’. चौघंही एकाच कारखान्यातले, आणि १९५८ साली त्यांनी राज्याचं अजिंक्यपद जिंकलं होतं. बाकीचे तिघं आता हयात नव्हते. ज्या गायकमंडळाची ती स्पर्धा, त्याला साठ वर्षं होत होती, आणि जुन्या चॅम्पियन चौकड्यांच्या इतिहासाचं एक पुस्तक निघणार होतं. पंधरा नोव्हेंबरच्या आत दोन पानं द्यायची होती. लॉइडने बोलायचं, जोगळेकरांनी कॉम्प्युटरवर टाइप करायचं.

“फक्त खरं तेवढंच लिही,” लॉइड पहिल्याच दिवशी म्हणाला. “म्हातारा वाढवून सांगायला लागला की थांबव.”

जोगळेकरांना दुसरं काय हवं होतं. ते रोज दहा वाजता वही घेऊन हजर व्हायला लागले आणि प्रश्न विचारून विचारून त्यांनी लॉइडला हैराण केलं. चौघांपैकी कुणालाच स्वरलिपी वाचता येत नव्हती, मग गाणं बसवलं कसं? तर इर्माने. ती चर्चमध्ये गायची. ती पुढच्या खोलीतल्या पियानोवर एकेकाचा सूर वाजवायची, एकेकाकडून घोकून घ्यायची, मग चौघांना एकत्र उभं करायची. मग ती मंडळात होती का? छे, मंडळ पुरुषांचं. बायकांनी सँडविच करायचे. मग स्पर्धेच्या दिवशी ती कुठे होती? स्टेजच्या उजव्या पडद्याआड. हातात चौघांचे कोट आणि मधाच्या कोमट पाण्याचा थर्मास, म्हणून कुणी हटकलं नाही.

नियमांबद्दलही जोगळेकरांनी खोदून विचारलं. चार म्हणजे चारच, लॉइडने बोटं दाखवून सांगितलं. पाचवा आवाज कुठून जरी लागला तरी चौकडी बाद. आणि एकदा अजिंक्यपद मिळालं की त्या चौकडीने पुन्हा स्पर्धेत उतरायचं नाही. नाव हॉलच्या लाकडी फळ्यावर कायमचं रंगवलं जातं. लॉइड अजून दर महिन्याला त्या हॉलमध्ये जायचा आणि फळ्यासमोरच्या खुर्चीत बसायचा.

पुस्तकासाठी मेडलचा फोटो हवा होता. लॉइड म्हणाला, ते घरात नाही. कुठे आहे, या प्रश्नावर त्याने कॉफी आणखी हवी का म्हणून विचारलं. हरवलं असणार आणि म्हातारा सांगायला लाजतोय, असं जोगळेकरांनी मनात नोंदवून ठेवलं.

मग लॉइडच्या तळघरातून एक खोकं निघालं आणि त्यात टेपचं एक रीळ. मंडळातल्या एकाने त्या दिवशी आपलं रेकॉर्डिंगचं मशिन स्टेजच्या उजव्या कडेला ठेवलं होतं आणि नंतर हे रीळ जिंकल्याची भेट म्हणून दिलं होतं. लॉइडकडे ते ऐकायचं मशिन कधीच नव्हतं, त्यामुळे सत्तेचाळीस वर्षांत रीळ एकदाही वाजलं नव्हतं. जोगळेकरांनी ॲन आर्बरमधल्या एका ओळखीच्या प्रयोगशाळेतून जुनं मशिन मिळवलं, गाणं कॉम्प्युटरवर उतरवलं आणि हेडफोन कानाला लावला.

खरखर, खोकले, मग एकदम चार आवाज. ऐकता ऐकता जोगळेकरांनी जन्माच्या सवयीने आवाज मोजले. खाली लॉइड, त्याचा जाड, उबदार खर्ज. वर बाकीचे तिघं. गाणं शेवटाला आलं, चौघं शेवटच्या स्वरांवर येऊन थांबले, आणि जोगळेकरांनी पुन्हा मोजलं. पाच. सगळ्यांच्या वर आणखी एक आवाज होता, बारीक आणि लख्ख.

त्यांनी ते अकरा वेळा ऐकलं. अकराही वेळा पाच.

त्यांना मनापासून वाईट वाटलं. आपला हा सज्जन शेजारी, खरं तेवढंच लिही म्हणणारा, पडद्यामागे माणूस लपवून जिंकला. दोन दिवस लॉइडने अंगणातून हात केला तर यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी राहवेना, तेव्हा जाऊन तोंडावरच विचारलं, की पाचवा कोण होता.

लॉइड खोकला लागेपर्यंत हसला. मग डोळे पुसून म्हणाला, पाचवा कुणी नसतो. चौघांचे सूर एकमेकांत अचूक बसले की त्यांच्यावर आणखी एक सूर आपोआप वाजायला लागतो. कुणीही न गायलेला. अख्खी कला त्यासाठीच. चांगल्या चौकड्यांना तो अधूनमधून भेटतो, आणि त्या दिवशी तो जसा आला तसा लॉइडला पुन्हा कधी ऐकू आला नाही. लॉइड उजव्या टोकाला उभा होता, आणि सूर अगदी कानाशी वाजल्यासारखा. नंतर चौघं आणखी सात वर्षं गावोगाव गायले. तेव्हा घरात लहान मूल होतं, इर्मा घरी राहायची. सूर यायचा, पण मंद.

“मला वाटतं माझंच काहीतरी बिघडलं,” लॉइड म्हणाला. “जिंकल्यावर मी स्वतःचाच आवाज ऐकायला लागलो असेन. तेवढ्याने तो रुसतो.”

ही गोष्ट तो दर थँक्सगिव्हिंगला जेवणाच्या टेबलावर सांगायचा. आणि नेमका पाचवा सूर आला की इर्मा ओव्हनमधला भोपळ्याचा ‘पाय’ बघायला उठून जायची, हेही त्याने हसत हसत सांगितलं. शंभर वेळा ऐकून कंटाळली होती बिचारी.

जोगळेकर घरी आले ते ओशाळून आणि अर्धवट पटून. इंजिनियर माणूस, कुणी न वाजवता वाजणारी गोष्ट त्यांनी आयुष्यभर दुरुस्त केली होती. त्यांनी शोभाताईंना सगळं सांगितलं. शोभाताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी सूर्य उगवतो अशी बातमी आणली.

“चला खाली,” त्या म्हणाल्या.

बेसमेंटमध्ये त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला. मिरजेचा तंबोरा, चौऱ्याहत्तर साली विमानात स्वतःचं तिकीट काढल्यासारखा मांडीवर बसून आलेला. तारा जुळवल्या, घोडीवरचा दोरा किंचित सरकवून जवारी लावली, आणि खर्जाची तार छेडून म्हणाल्या, काय ऐकू येतं. जोगळेकरांनी ऐकलं. तार षड्जाची, पण तिच्या पोटातून स्वच्छ गंधार निघत होता. तंबोऱ्यात गंधाराची तारच नव्हती. एकतीस वर्षं ते गाड्यांत ज्याला ओव्हरटोन म्हणत होते तोच हा, एवढं त्यांना लगेच कळलं. आणि तो आपल्याच घरात, आपल्याच पायाखाली, रोज सकाळी वाजत होता आणि आपण वर दार लोटून बसत होतो, हेही कळलं. 

आता इतिहास लिहून पुरा करायला हरकत नव्हती. त्यांनी दोन पानं टाइप केली. पहिलं वाक्य होतं, ‘ही चार माणसांची गोष्ट आहे.’ शेवटी पाचव्या सुराचं वर्णन, नेमकं आणि थोडं अभिमानाचं. शोभाताईंना म्हणाले, तू एकदा टेप ऐक, तुला मजा वाटेल.

शोभाताईंनी डोळे मिटून ऐकलं. शेवट आला तसे डोळे उघडले.

“परत लावा हो. नुसता शेवट.”

तीनदा लावल्यावर त्यांनी हेडफोन काढला.

“हा गंधारासारखा नाहीये. तो तारेबरोबर येतो आणि तारेबरोबर जातो, मागे राहत नाही. आणि हा बघा, हलतोय. चौघं एकदम स्ट्रेट गातायत, मग हा कशाने हलेल? अहो, ही बाई आहे. गातेय.”

जोगळेकरांनी गाण्याचा शेवट कॉम्प्युटरवर रेघांनी काढून पाहिला. चार रेघा सरळ जात होत्या आणि सुरीने कापल्यासारख्या एकाच जागी संपत होत्या. पाचवी रेघ किंचित लाटालाटांची होती, आणि चौघं संपल्यावर एकटीच अर्धा सेकंद पुढे जात होती. हॉलचा घुमारा असेल, असं त्यांनी म्हणून पाहिलं. पण घुमाऱ्यात चौघंही घुमले असते. उजव्या पडद्याआड, मशिनपासून हाताच्या अंतरावर, कोट आणि थर्मास घेऊन कोण उभं होतं, हे त्यांच्या वहीत त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

म्हणजे पहिला संशयच खरा होता. पाच होते.

जोगळेकरांची झोप उडाली. हे लिहिलं तर नियमाप्रमाणे अजिंक्यपद गेलं, फळ्यावरचं नाव गेलं. बायको गेल्यावर लॉइडला अभिमान बाळगायला एवढं एकच उरलं होतं, आणि तेही आपण हेडफोन लावून काढून घ्यायचं. न लिहावं, तर खरं तेवढंच लिही म्हणून त्याने बजावलेलं. आणि न लिहिलं तर कळणार तरी कुणाला? मशिन परत गेलं की रीळ पुन्हा सत्तेचाळीस वर्षं खोक्यात. चार दिवस ते पुढच्या अंगणात पानं गोळा करायला गेलेच नाहीत, नुसती मागची गोळा केली. सकाळी फर्नेस तपासायच्या निमित्ताने बेसमेंटमध्ये जायला लागले, आणि शोभाताई गात असताना पायरीवर बसून राहायला लागले. फर्नेसला काही झालेलं नव्हतं. शोभाताईंनीही विचारलं नाही.

पाचव्या दिवशी रियाज आटोपून तंबोऱ्याला गवसणी घालताना त्या म्हणाल्या, “तुम्हाला सापडलं म्हणून ते तुमचं होत नाही. ते त्याचं आहे. त्याला नेऊन द्या.”

त्याच दिवशी दहा वाजता जोगळेकर लॅपटॉप घेऊन गेले. लॉइड पुढच्या खोलीत, बंद पियानोशेजारच्या खुर्चीत बसला होता. टेप ऐकायला मिळणार म्हणून त्याने दाढी केली होती, स्वच्छ शर्ट घातला होता. ते बघून जोगळेकरांना परत फिरावंसं वाटलं. त्यांनी त्याच्या डोक्यावर हेडफोन बसवला आणि बटण दाबलं.

लॉइड ऐकायला लागला. त्याचे ओठ हलत होते. तिघा मित्रांची नावं तो एकेक करून पुटपुटला, जसजसे ते त्याला ऐकू आले तसतशी. शेवट आला तेव्हा त्याने थरथरता हात वर केला, एक बोट दाखवलं आणि जोगळेकरांकडे बघून मान डोलावली. आला. हाच तो.

“अजून एकदा लावतो,” जोगळेकर म्हणाले. “या वेळी चौघं थांबल्यावर पुढे ऐक.”

त्यांनी फक्त शेवट लावला. चौघं थांबले. अर्धा सेकंद.

लॉइडचं बोट हवेत तसंच राहिलं. त्याने पुन्हा लावायची खूण केली. मग पुन्हा. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ बंद पियानोकडे पाहत बसला. जोगळेकरांना आपल्या कानांची मनस्वी लाज वाटली. माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात लॉइड बोलला.

“ती नेहमीच उशिरा थांबायची. चर्चमध्येसुद्धा. सगळे थांबले तरी हिचा सूर मागे लोंबकळत असायचा, आणि मास्तर डोळे वटारायचा. ती म्हणायची, छान लागला की सोडवत नाही.”

“तिने मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही,” जोगळेकर म्हणाले.

“नाही. चौघांना शिकवलं होतं तिने. तोंडातून निघून गेलं असेल.” मग त्याला काहीतरी आठवलं आणि चेहरा हळूहळू बदलत गेला. “म्हणून ती ओव्हनमधला ‘पाय’ बघायला उठून जायची.”

बाहेर कुणाचा तरी पानं उडवायचा ब्लोअर चालू होता. लॉइड म्हणाला, सात वर्षं मी स्वतःला दोष देत गायलो, की तो सूर माझ्यामुळे रुसला. तो रुसला नव्हता, घरी मुलाला भरवत होता. आणि तो हसला, पण त्या हसण्यात पाणी होतं, आणि जोगळेकरांच्याही डोळ्यांत आलं.

मग लॉइडने लॅपटॉपकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, पहिलं वाक्य वाच. जोगळेकरांनी वाचलं, ही चार माणसांची गोष्ट आहे.

“पाच कर. आणि नावांत तिचं पहिलं लिही.”

जोगळेकर शेवटी इंजिनियर; परिणाम सांगितल्याशिवाय त्यांना राहवलं नाही. परीक्षकांना ते तिथे बसून ऐकू आलं असेलच असं नाही, ते म्हणाले, पण नियम म्हणजे नियम. “हे छापलं तर फळ्यावरचं नाव पुसतील, लॉइड. मेडलसुद्धा परत मागतील.”

“मागू देत,” लॉइड म्हणाला. “मेडल तिच्याजवळ आहे. शवपेटीचं झाकण लावायच्या आधी मी तिच्या हाताखाली सरकवलं होतं. आम्हाला शिकवलं म्हणून. तेव्हा मला तेवढंच माहीत होतं.”

जोगळेकरांनी चार पुसून पाच केलं. मग इर्माच्या नावाचं स्पेलिंग काय, म्हणून विचारलं, आणि लॉइडने ते एकेक अक्षर सावकाश सांगितलं.